आधी नकाशा, मग गोष्ट

२८ ऑक्टोबर १९६९ या तारखेला आमच्या भागात एक मान आहे. त्या दिवशी तारापूरचं अणुवीज केंद्र, देशातलं पहिलं, व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागलं. बोईसर तोवर पश्चिम रेल्वेवरचं एक लहानसं स्टेशन होतं. पुढे केंद्राची वसाहत झाली, एमआयडीसी आली, आणि गावाचं रूप पालटलं.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २९ ऑक्टोबरच्या रात्री, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या दोन संस्थांचे संगणक तारेवरून एकमेकांशी पहिल्यांदा बोलले. पाठवायचा होता ‘लॉगिन’ हा एकच शब्द. त्यातली पहिली दोन अक्षरं पोचली आणि यंत्रणा बंद पडली. आजच्या इंटरनेटची सुरुवात ती. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, नुसता योगायोग. पण आज मला जी हकीकत सांगायची आहे, ती त्या दुसऱ्या घटनेतल्या एका माणसापासून निघते आणि तारापूरच्या खाडीवरच्या जुन्या कोटापाशी येते.

त्या माणसाचं नाव विल क्राउदर. संगणकांना जोडणाऱ्या त्या यंत्रांची आज्ञावली लिहिणाऱ्या छोट्या गटात तो होता. त्याला आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया हिला नाद होता गुहांचा. केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची प्रचंड मोठी गुहा आहे. तिच्या शेजारच्या डोंगराखाली गुहांचं दुसरं जाळं आहे. १९७२ च्या सप्टेंबरात एका तुकडीनं ही दोन्ही जाळी आतून जोडलेली असल्याचं शोधून काढलं. त्या तुकडीत पॅट्रिशिया होती. ही मंडळी पोटावर सरपटत जायची, फीत लावून अंतर मोजायची, होकायंत्रानं दिशा घ्यायची आणि वहीत लिहायची. ती मापं संगणकात भरून गुहेचे नकाशे काढायचं काम क्राउदर करायचा.

पुढे या दोघांचा घटस्फोट झाला. मुली सुट्टीला वडिलांकडे यायच्या. त्यांना गंमत वाटावी म्हणून १९७५-७६ च्या सुमारास क्राउदरनं एक खेळ लिहिला. त्यात चित्र नाही, आवाज नाही. तुम्ही कुठे उभे आहात, समोर काय दिसतं, एवढं दोन-चार ओळींत संगणक सांगणार. तुम्ही दोन शब्दांत हुकूम द्यायचा, ‘दिवा घे’, ‘खाली उतर’, ‘उत्तरेला जा’ अशा थाटाचा. मग पुढच्या दोन ओळी. खेळाचं नाव ‘ॲडव्हेंचर’, म्हणजे साहस. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सनं त्यात भर घातली, आणि संगणकाच्या जाळ्यावरून तो खेळ विद्यापीठा-विद्यापीठांत पसरला. त्यापासून स्फूर्ती घेऊन एमआयटीतल्या मुलांनी ‘झॉर्क’ हा खेळ रचला, आणि १९७९ मध्ये अशा खेळांची एक कंपनीच निघाली.

या खेळात खेळणाऱ्याला पहिली ओळख होते ती नकाराची. जाळीच्या झाकणाला कुलूप आहे, किल्ली नसेल तर उघडत नाही. दिवा घेतला नाही तर अंधारात खड्ड्यात पडाल. कितीही गोड बोला, खडक जागचा हलत नाही. कारण तो खडक खरोखरचा होता. क्राउदरनं आपल्या पायाखालची बेडक्विल्ट नावाची गुहाच खेळात घातली होती. डेनिस जर्झ नावाच्या प्राध्यापकांनी क्राउदरची हरवलेली मूळ आज्ञावली मिळवली, ती घेऊन ते केंटकीच्या गुहेत उतरले आणि २००७ मध्ये त्यांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. खेळातल्या मूळ भागातले कितीतरी रस्ते खऱ्या गुहेशी जुळत होते. तिथे कधीही न गेलेली एक व्यक्ती केवळ खेळाच्या आठवणीवर गुहेत वाट काढत गेली, अशी एक गोष्टही गुहा-शोधकांत सांगितली जाते.

आता दुसरा धागा. १९६६ मध्ये एमआयटीचे प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा कार्यक्रम जाहीर केला. तुम्ही लिहिलं, ‘मला उदास वाटतं,’ तर तो तेच वाक्य फिरवून विचारणार, ‘तुम्हाला उदास का वाटतं?’ त्याला कळत काहीच नव्हतं. तरी वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरी बाईंनी, ज्यांनी तो कार्यक्रम तयार होताना महिनोन्महिने पाहिला होता, त्यांनीच त्याच्याशी थोडा वेळ बोलल्यावर प्राध्यापकांना खोलीबाहेर जायला सांगितलं. बोलणं खाजगी होतं ना! वायझेनबाउम हादरले, आणि पुढची कितीतरी वर्षं ते संगणकाच्या मर्यादांविषयी लिहीत राहिले.

म्हणजे बघा, एकीकडे एक खेळ, ज्याला फक्त ठरावीक शब्द कळतात, पण ज्याच्या पायाखाली पक्का खडक आहे. दुसरीकडे एक बोलका कार्यक्रम, जो कशालाही उत्तर देतो, पण ज्याच्या पायाखाली काहीच नाही. हे दोन धागे पन्नासएक वर्षं वेगवेगळे चालले आणि २०१९ मध्ये एकत्र आले.

त्याची तयारी २०१७ मध्ये झाली. गूगलमधल्या आठ संशोधकांनी वाक्यातल्या शब्दांचे परस्परसंबंध एकदम जोखणारी एक नवी रचना मांडली. त्या आठांत आशीष वासवानी होते आणि पुण्याच्या पीआयसीटी महाविद्यालयात शिकलेल्या निकी परमार होत्या. या रचनेवर मोठमोठी भाषा मॉडेलं उभी राहिली. भाषा मॉडेल म्हणजे काय, तर कोट्यवधी पानं वाचून ‘या शब्दांनंतर बहुधा कोणता शब्द येतो’ हे शिकलेलं यंत्र. आपल्या आजीला ओवीचा पहिला चरण सांगितला की दुसरा आपोआप ओठांवर यायचा, तसंच काहीसं. फरक इतकाच, की आजीला त्या ओवीतलं जातं आणि दळण दोन्ही ठाऊक होतं.

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा विद्यार्थी निक वॉल्टन यानं यातलं ‘जीपीटी-२’ हे मॉडेल घेतलं, त्याला साहसकथा वाचायला दिल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये खेळ खुला केला. नाव ‘एआय डंजन’. आता दोन शब्दांची अट नाही. मनात येईल ते लिहा, यंत्र गोष्ट पुढे नेईल. राक्षसाशी लढायचं नसेल तर त्याला चहाला बोलवा, तो येईल. जगभर लोकांच्या उड्या पडल्या. पण काही वेळानं खेळणाऱ्यांच्या ध्यानात येऊ लागलं, की मघाशी मेलेला सरदार पुन्हा दारात उभा आहे, आणि हातातली तलवार कुठे गेली ते यंत्राला आठवत नाही. त्या मॉडेलला एका वेळी शब्दांचे १०२४ तुकडेच ध्यानात ठेवता येत होते. त्यामागचं सारं पुसलं जायचं. नंतरच्या मॉडेलांची स्मरणशक्ती पुष्कळ वाढली. होकार देण्याची सवय मात्र सहजी जात नाही. लिहिलं आहे त्याला जुळेल असं पुढचं लिहिणं, हाच त्यांचा धर्म.

यात मराठी कुठे होती? जुन्या खेळात तर तिला शिरायला जागाच नव्हती. तो खेळ शब्दाची पहिली पाच अक्षरं पाहायचा आणि आपल्या यादीशी ताडायचा. इंग्रजीत दिव्याचं नाम कुठेही आलं तरी बहुतेक तसंच राहतं. आपल्याकडे ‘दिवा घे’, पण ‘दिव्यात तेल घाल’ आणि ‘दिव्याखाली बघ’. प्रत्यय लागायच्या आधी शब्दच आपलं रूप बदलतो. यंत्राच्या यादीत प्रत्येक शब्दाची दहा-बारा रूपं भरावी लागली असती. नव्या मॉडेलांना ही रूपं वाचून-वाचून कळतात. तिथे अडचण वेगळी आहे. देवनागरीतलं एकेक चिन्ह संगणकात साठवायला सर्वसाधारणपणे तीन बाइट लागतात, रोमन अक्षराला एक. त्यामुळे सुरुवातीच्या मॉडेलांत मराठी वाक्याचे फार बारीक तुकडे पडायचे आणि ती अपुरी आठवण आणखी लवकर भरायची.

शिवाय वाचायला मराठी मिळाली तरी किती? पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटानं २०२२ मध्ये मराठी मजकुराचा एक मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्यं आणि २८ कोटी ९० लाख शब्द-घटक होते. काम मोलाचंच. पण २०२० च्या ‘जीपीटी-३’ ला शिकवताना सुमारे ३०० अब्ज तुकडे वापरले गेले होते, आणि त्यातला फार मोठा भाग इंग्रजी होता. मोजण्याची रीत थोडी वेगळी असली, तरी हजारपटीचा फरक कुणालाही दिसेल.

आता तारापूरला येऊ. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर बोईसरमध्ये सुट्टीत मुलांना घेऊन बसतो. त्यात कारखान्यांत कामाला आलेल्या उत्तर भारतीय कुटुंबांची मुलं असतात, मांगेल्यांची असतात, वारली पाड्यांवरची असतात. गेल्या सुट्टीत मुलांनीच हट्ट धरला की असला खेळ आपण मराठीत खेळू. विषय मी निवडला, तारापूरचा वेढा.

इतिहास थोडक्यात असा. चिमाजी अप्पांची वसईची मोहीम आपण सगळे जाणतो. वसई पडली मे १७३९ मध्ये. पण त्याआधी, जानेवारीत, मराठ्यांनी माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही उत्तरेची पोर्तुगीज ठाणी घेतली. वसईला उत्तरेकडून मदत मिळू नये म्हणून. तारापूरला झुंज कडवी झाली. सुरुंगांनी तट फोडावा लागला. तिथेच बाजी भिवराव रेठरेकर हा पेशव्यांच्या जिवाभावाचा सरदार गोळी लागून पडला.

आम्ही एका प्रचलित यंत्राला एवढंच सांगितलं, की १७३९ सालचा तारापूरचा वेढा आहे, खेळ सुरू कर. भाषा झकास होती, हे कबूल करायला हवं. पण पहिल्याच परिच्छेदात आम्ही कडा चढू लागलो! तारापूरचा कोट खाडीकाठी सपाट जमिनीवर आहे. सायकलवर जाता येतं. यंत्रानं हे का केलं असावं? मराठीत किल्ल्यांवर जे लिहिलं गेलं, त्यात सह्याद्रीचे डोंगरी किल्ले जास्त. ‘किल्ला’ म्हटलं की पुढे ‘चढण’ येणार, हा त्याचा हिशोब. मग एका मुलानं मुद्दाम लिहिलं, ‘बोईसरहून लोकल पकडतो आणि वसईला जातो.’ यंत्रानं त्याला लोकल दिली. बसायला खिडकीसुद्धा दिली. मुलं हसून लोळली. नंतर एका मुलीनं लिहिलं, ‘बाजी भिवरावांना मागे खेचते.’ ते वाचले. तिला शाबासकी देऊन वसईच्या विजयोत्सवातही हजर राहिले.

लोकलचं मला काही वाटलं नाही. ती चूक कुणालाही कळते. कड्याचीही फारशी नाही, कारण मुलांनी कोट पाहिला होता. पण बाजी भिवराव वाचले ते एकाही मुलाला खटकलं नाही. गोष्ट छानच झाली होती. पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव क्वचितच येतं, त्यामुळे ताडून पाहायला मुलांपाशी दुसरं काही नव्हतं. उद्या हीच मुलं शपथेवर सांगतील की ते वसईत होते. खोटा इतिहास पूर्वी कुणीतरी हेतूनं लिहायचा, आणि हेतू शोधला की तो पकडता यायचा. इथे हेतूच नाही. नुसती आपल्याला खूश ठेवण्याची सवय आहे.

मग आम्ही क्राउदरचा रस्ता धरला. आधी नकाशा. मुलांना घेऊन कोटावर गेलो. बाहेरून तटाची बाजू पावलांनी मोजली, खाडी कुठल्या अंगाला ते लिहिलं, भरती-ओहोटीची वेळ तिथल्या कोळ्यांना विचारली. घरी येऊन एक पानभर नियम तयार केले. कोट सपाटीवर आहे. महिना जानेवारी. आगगाडी नाही, कारण देशात पहिली प्रवासी आगगाडी १८५३ ची. खेळणारा सरदार नाही, सुरुंग खणणाऱ्यांना पाणी देणारा पोरगा आहे. त्यानं काय करायचं ते त्यानं ठरवावं. पण बाजी भिवराव या लढाईत पडतात. खेळणाऱ्यानं काहीही केलं तरी पडतात.

हे पान यंत्राला पहिल्यांदा वाचायला दिलं आणि मग खेळ लावला. या वेळी यंत्र बरंच जमिनीवर राहिलं. तरी दोनदा घसरलं, तेव्हा मुलांनीच नियम दाखवून त्याला थांबवलं. असे खेळ बनवणारे जाणकार आता याहून पुढचं करतात. दारं, किल्ल्या, कोण जिवंत, कोण मेलं, हा हिशोब जुन्या पद्धतीच्या पक्क्या आज्ञावलीकडे ठेवतात आणि मॉडेलकडून फक्त बोलून घेतात. म्हणजे खडक क्राउदरचा आणि वाणी नव्या यंत्राची. मला ही वाटणी योग्य वाटते.

त्या मुलीनं पुन्हा बाजी भिवरावांना वाचवायचा प्रयत्न केला. ओरडून पाहिलं, धावून पाहिलं. सुरुंगाच्या आवाजात तुझी हाक पोचली नाही, असं उत्तर आलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं मला विचारलं, “सर, त्यांची आई कुठे होती तेव्हा?” तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तिला सांगितलं, की बाजींच्या आईला पेशव्यांच्या घरातून सांत्वनाचं पत्र गेलं होतं, आणि त्या पत्राची नोंद इतिहासात आहे. पहिल्या खेळात, बाजी वाचले तेव्हा, हा प्रश्न उठायला जागाच नव्हती.

भाषेचीही एक गोष्ट सांगायला हवी. खेळातला खाडीवरचा कोळी आमच्याशी पुणेरी प्रमाण मराठीत बोलला. मांगेल्यांची मुलं एकमेकांकडे बघून हसली. त्यांच्या घरी असं कुणी बोलत नाही. वाडवळी, मांगेली, वारली या बोली छापल्याच थोड्या गेल्या, तर यंत्रानं वाचाव्यात कुठून? पण वाट नाही असं नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या मोखाड्याकडच्या आमले या आदिवासी गावात, मुंबईच्या धारावीत आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांत मिळून ३६ जणांकडून सुमारे १०९ तासांचं मराठी वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घेतलं गेलं, मेहनताना देऊन. २०२० मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या माणसांचं काम विद्यार्थ्यांच्या तोडीस तोड होतं. मोखाड्यात मराठीचं झालं ते उद्या सातपाटीत मांगेलीचं का होऊ नये?

आता मुलं पुढचा खेळ मागताहेत. त्यांनी विषयही सुचवला आहे, १४ ऑगस्ट १९४२. त्या दिवशी पालघरच्या मोर्चावर इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मे झाले. सातपाटी, नांदगाव, मुरबे, सालवड आणि पालघर, अशी त्यांची गावं. यातल्या काही गावांतली मुलं माझ्यासमोर बसतात. मी हो म्हटलं आहे. खेळणाऱ्यानं मोर्चात यावं, घोषणा द्याव्यात, मागे फिरावं किंवा पुढे जावं, सगळी मोकळीक. मात्र आधी सगळ्यांनी हुतात्मा स्तंभापाशी जायचं आणि पाचही नावं आपल्या हातानं वहीत उतरवून आणायची. नियमांच्या पानावर ती सर्वांत वर असतील. आमची वही तयार आहे. दर १४ ऑगस्टला तिथे गावोगावची माणसं जमतात, त्यांतल्या जाणत्यांना चार प्रश्न विचारायचे आहेत, ते झाले की आम्ही खेळ सुरू करू.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)